दोघींत एक गोळी

समजावून सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मीच माझ्याबद्दल म्हणायची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली. इंजेक्शनला पळणारे, टाक्यांना रडणारे, गोळी जिभेखाली लपवून मागच्या दारी थुंकणारे, सगळे मी सरळ केले. कधी गोड बोलून, बहुतेक वेळा आवाज चढवून. मग निवृत्त झाले आणि आवाज चढवायला घरात कोणी उरलंच नाही. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो आधीच गेलेला. मूलबाळ झालं नाही. वाशिमजवळच्या मालेगावात दोन खोल्यांचं घर, त्यात मी आणि टीव्ही. बातम्या सांगणाऱ्या पोरीला मी "हळू बोल की गं, कुठं आग लागली?" म्हणून रागवायची, यावरून काय ते समजा.

म्हणून वाशिमच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा कामासाठी फोन आला, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. त्यांच्याकडे एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. शुगरच्या रोग्यांच्या तळपायाची आग होते ना, रात्रंदिवस निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी, त्यावरची गोळी. खेड्यापाड्यांतले असे रोगी गाठायचे, चाचणी म्हणजे काय ते नीट समजावायचं, त्यांची मर्जी असेल तरच नाव घ्यायचं आणि मग दर महिन्याला जाऊन विचारपूस करायची. डॉक्टर तरुण होते, हुशार होते. पण संमतीचा कागद वाचायला लागले की समोरची म्हातारी माणसं जांभया द्यायची. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तपासा. बोलायचं माझ्यावर सोडा."

मेडशीला एसटीतून उतरून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की एक वस्ती लागते. तिथली तरणी माणसं दसरा झाला की कामाला बाहेर पडतात आणि घरोघरी कुलपं नाहीतर म्हातारे उरतात. तिथल्या अंगणवाडीत मी पाच-सहा जणांना बसवलं. पुढं दोन जावा बसल्या होत्या, थोरली आणि धाकटी. दोघी विधवा, दोघींची पोरं बाहेरगावी, घरं दोन पण चूल एकच. दोघींना शुगर, दोघींच्या पायांची आग. थोरली बोलघेवडी. धाकटी तिच्या मागं पदर धरून बसणारी, बोललीच तर तिच्याच कानात.

मी सोयाबीनचा दाखला दिला. "समजा, दोन वाफ्यांत बी पेरायचं आहे. एका बियाण्याला औषध लावलं, दुसऱ्याला लावलं नाही, पण रंग दोन्हींना सारखाच दिला. कोणतं कुठं गेलं ते पेरणाऱ्यालाही माहीत नाही, राखणाऱ्यालाही माहीत नाही. मग पीक पाहूनच कळेल ना, औषधात दम आहे की नाही?"

"कळन ना, बाप्पा," थोरली म्हणाली.

"तसंच हे. कोणाच्या डबीत खरी गोळी असेल, कोणाच्या डबीत तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. तुमची शुगरची नेहमीची गोळी मात्र चालूच ठेवायची. आणि हे सगळं नको वाटलं तर कधीही सोडा. का सोडलं ते कोणी विचारणार नाही. दवाखान्यात तुमचं काही अडणार नाही."

"म्हंजे मले खडूबी भेटू शकते?"

"भेटू शकतो."

"अन् तरीबी तुमी येसान? दर महिन्याले?"

"येईन."

"मंग लिवा माहं नाव," ती म्हणाली. अंगणवाडीची बाई साक्षीला होती, तिच्यासमोर थोरलीनं अंगठा उठवला. समजलं का म्हणून मी तिच्याकडून सगळं परत वदवून घेतलं, तिनं एक शब्द चुकवला नाही. परतीच्या बसमध्ये मी फुगून बसले होते.

धाकटीला मात्र घेता आलं नाही. रक्ताच्या तपासणीत तिच्या किडनीचं काम कमी निघालं. अशा रोग्याला ही गोळी सोसेल की नाही, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं अशांना घ्यायचं नाही असा नियमच होता. पुढच्या महिन्यात डबी घेऊन गेले तेव्हा मी हे दोघींना सांगितलं. धाकटीनं मान खाली घातली. थोरली मात्र भडकली.

"एकच आजार, एकच चूल, अन् दवा एकीले? हिनं काय घोडं मारलं?"

मलाही राग आला. "हा काय भंडारा आहे का, पंगतीत बसेल त्याला वाढायला? तिच्या किडनीला धोका आहे म्हणून नाही. तिच्या भल्यासाठीच नाही." एवढं बोलून मी डबी थोरलीच्या हातात दिली. रोज सकाळी जेवल्यावर एक, रिकामी डबी जपून ठेवायची, उरलेल्या गोळ्या मला परत द्यायच्या, हे तिला दोनदा सांगितलं. धाकटीला काही विचारायचं आहे का, हे मात्र मी विचारलं नाही. आवाज चढवला की समोरच्याला समजलं, अशीच माझी रीत होती.

आगीचं मोजमाप घ्यायचं होतं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवेना. थोरलीला आकड्यांचं वावडं, म्हणून मी कोपऱ्यातल्या पोत्यातून सोयाबीनचे दहा दाणे घेतले आणि तिच्या ओंजळीत टाकले. "जितकी आग, तितके दाणे माझ्या हातावर ठेवा." तिनं विचार करून आठ ठेवले. मी कागदावर आठ लिहिलं. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन हाय, बाई?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "आणि चौकशा करायला मी आले आहे, तुम्ही नाही."

ती हसली आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या महिन्यात तिनं माझ्या हातावर सात दाणे ठेवले. मला इतका आनंद झाला की मी खरंच टाळी वाजवली. त्या दिवशी चहा झाला, मग धाकटीनं गरम भाकरी केली, वर मिरचीचा ठेचा. मी मेडशीची दुपारची बस सोडून संध्याकाळची धरली. घरी येऊन टीव्ही लावायचीही आठवण राहिली नाही.

महिन्यातला तो एक गुरुवार सोडला तर बाकी दिवस एकासारखे एक. सकाळी एक कप चहा, त्यालाही भांडं तेच, चार कपांचं. एका माणसाची भाजी करायची म्हणजे करायची तरी किती? दोन वांगी घेतली तर भाजीवाली तोंडाकडे बघायची. दाराची कडी वाजली की मी धावायची आणि असायचा वीजबिलवाला. रडारड करायचा माझा स्वभाव नाही. पण बुधवारी रात्री मी दुसऱ्या दिवशीची साडी काढून खुर्चीवर ठेवायची, हेही खरं आहे. दोन म्हाताऱ्या बायांकडे जायला साडी निवडायची म्हणजे कमालच झाली.

तिसऱ्या महिन्यात सहा दाणे आले. डबी रिकामी, एकही गोळी चुकलेली नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या रोग्यांइतके नेमाचे रोगी कोणाचेच नाहीत." मी त्या वेळी थोरलीकडे बसूनच फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता माझी नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथं अडकित्ता होता. सुपारीचा, जुना, पितळी मुठीचा. त्याच्या पात्यांच्या बेचक्यात पांढरी भुकटी होती.

आता मला सांगा, जन्मभर गोळ्या वाटलेल्या बाईला गोळीची भुकटी ओळखू येणार नाही? सुपारी तांबूस असते. थोरलीनं माझी नजर पाहिली, उठली आणि पदरानं अडकित्ता पुसून डब्यात ठेवला. धाकटी चुलीकडे तोंड करून बसली. त्या क्षणी मी विचारायला हवं होतं. एकच प्रश्न, "गोळी कोणासाठी तोडता?" एवढाच. माझ्या जिभेवर आला होता तो.

मी म्हटलं, "चहा मस्त झालाय."

का नाही विचारलं, याची उत्तरं मी नंतर खूप बनवली. कदाचित गिळता येत नसेल म्हणून स्वतःसाठीच तोडत असेल. कदाचित दुसरीच कसली गोळी असेल. सगळ्या थापा. खरं कारण असं की विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं, लिहिलं असतं तर चाचणीतून थोरलीचं नाव निघालं असतं, आणि नाव निघालं असतं तर माझा गुरुवार गेला असता. दुसऱ्यांच्या गळी खरं उतरवणारी मी, स्वतःच्या वेळी सोयीचा कानाडोळा केला. चौथ्या महिन्यात पाच दाणे आले. मी अडकित्त्याकडे पाठ करून बसले.

पाचव्या महिन्यात मी पोचले तेव्हा धाकटी उठली नाही. एरवी ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची. आता ती भिंतीला टेकून बसली होती आणि लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेत होती. मी काठ बाजूला केला. घोटे सुजून टम्म झाले होते. अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोळ्यांखालीही सूज होती.

"किती दिवस झाले?"

धाकटीनं काठ पुन्हा पायांवर ओढला. थोरली म्हणाली, "आठ-धा दिस."

"तुम्ही तिला गोळी देत होता."

मी विचारलं नाही, सांगितलंच. थोरलीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग उभी राहून म्हणाली, "देल्ली. पह्यल्या दिसापासून देल्ली. अर्धी तिले, अर्धी मले. या घरात एक भाकर असली तं तिचे दोन तुकडे होते. दवाचे काहून नाही?"

"अहो, तिच्या किडनीला धोका आहे म्हणून सांगितलं होतं ना मी! कान कुठं ठेवले होते?" मी एवढी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"तुमी सांगतलं," थोरली म्हणाली. "पन तुमीच म्हनलं ना, काय होईन ते कोनालेच माहीत नाही म्हून. मले वाटलं, पुरी गोळी भारी पडन, अर्धी सोसन."

अतिशहाण्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तो बैल मीच. एवढा सोयाबीनचा दाखला दिला, एवढं वदवून घेतलं, आणि जिला घेतलं नव्हतं तिला मी दोन मिनिटांत गुंडाळून टाकलं होतं. तिला कोणी बसवून सांगितलं नाही. चाचणीत नसलेल्या बाईला समजावणं माझ्या कामातच नव्हतं.

दोघींसमोर हे बोलवेना, म्हणून मी हापशीजवळ गेले. तिथं उभं राहून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि साहेब, मला दोन महिन्यांपासून माहीत होतं." डॉक्टर म्हणाले, "आधी बाईंना घेऊन या."

भाड्याच्या जीपनं धाकटीला वाशिमला नेलं. जीपमध्ये थोरलीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सारखं म्हणत होती, "माह्याच हातानं देल्ली व माय, माह्याच हातानं." मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागं वळून बघायची हिंमत होईना. हिचं काही बरंवाईट झालं तर त्यातला अर्धा वाटा माझा, हे त्या जीपमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं. तिला तर वाटत होतं की सगळा तिचाच.

दवाखान्यात धाकटीला भरती केलं. तिच्या पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय उपचार नीट ठरेना. अशा वेळी कोणत्या डबीत काय होतं ते उघडून पाहायची सोय असते, एरवी ते शेवटपर्यंत झाकलेलं असतं. डॉक्टरांनी परवानगी घेऊन ते उघडलं. संध्याकाळी ते बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीच नव्हतं. औषध नसलेली गोळी होती ती."

मग सूज कशाची? तेही निघालं. धाकटीला त्या अर्ध्या गोळीनं काडीचाही आराम पडला नव्हता. पण जाऊ तोंडातला घास काढून देते, तिला कसं सांगायचं की उपयोग नाही? म्हणून ती गुपचूप मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होती, दिवसाला तीन-तीन, चार-चार. अधू किडनीवर तोच मार बसला होता. त्या गोळ्या बंद केल्या, उपचार झाले आणि चार-पाच दिवसांत सूज उतरायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. तिसऱ्या महिन्यातच मी तोंड उघडलं असतं, तर हे इथवर आलंच नसतं.

डॉक्टरांनी मला रागावलं नाही. काय पाहिलं आणि केव्हा पाहिलं, ते माझ्या हातानं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. त्या वस्तीत आता दुसरी सिस्टर जाईल, असं ते म्हणाले. निरोप सांगायला एकदा जाऊ का, मी विचारलं. ते म्हणाले, जा.

मी गेले. तो गुरुवार नव्हता, एसटीही नव्हती; भाड्याची जीप बाहेर थांबवून आत गेले. धाकटी घरी आली होती आणि दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. चहा झाल्यावर मी थोरलीला सगळं सांगितलं. चाचणीतली गोळी आता बंद. शुगरची चालू. तपासणी दवाखान्यात होत राहील, ती सोडायची नाही. धाकटीनं दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय कधीच घ्यायची नाही. या वेळी मी धाकटीसमोर बसून सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. मग म्हटलं, "आणि तुमच्या डबीत औषध नव्हतं. साधी गोळी होती."

थोरलीनं कपाळावर हात मारला. "म्हून व! म्हून काहीच होये ना!"

"काहीच होये ना म्हणजे? तुमची आग तर आठावरून पाचावर आली होती."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "सांगून टाका आता, जाऊबाई."

थोरली उठली, पोत्यातून दाणे घेतले, मोजले आणि माझ्या हातावर ठेवले. नऊ होते.

"एवढी हाय," ती म्हणाली. "पह्यले आठ होती, वाढलीच. कमी कधी झालीच नाही."

"मग खोटं काहून सांगितलं? मी लिहून नेत होते ते! डॉक्टर त्यावर हिशोब बांधतात!" रागात माझी बोली गावावर येते.

"चुकलं माहं. पन दुसऱ्या महिन्यात मी उगाच सात ठेवले, तं तुमी पोरीवानी टाळी वाजवली. त्या दिवशी पह्यल्यांदा तुमी भाकर खाल्ली. मंग मले वाटलं, एक दाना कमी केल्यानं या बाईले एवढं बरं वाटते, तं माहं काय जाते? आमी दोघी तं आहो. एकीचं दुखलं तं दुसरी आयकते. तुमाले कोन हाय?"

मी चिडायला तोंड उघडलं. चिडताच येईना. पाच महिने ह्या बाईचा इलाज करते म्हणून मी नटून येत होते, आणि दर खेपेला धाकटीसारखीच मलाही ती अर्धी अर्धी गोळी देत होती.

थोरलीनं माझ्या हातातले नऊ दाणे परत घेतले, त्यात एक टाकला आणि दहाही माझ्या ओंजळीत ओतले. मग स्वतःचा तळहात माझ्यापुढं पसरला.

"आता तुमचे द्या."

"मला काय धाड भरली आहे?"

"द्या तं."

मी तीन दाणे ठेवले. तिनं पाहिले. हात तसाच पसरलेला. "बाई," ती म्हणाली, "आता तुमी माह्यावानी करून राह्यल्या."

धाकटी माझ्या बाजूला येऊन बसली. मी आणखी दोन ठेवले. मग दोन. थोरलीनं हात मिटला नाही. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी उरलेले सगळे दाणे तिच्या हातावर ठेवले.